तांब्याचं वायसर

मायच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलं होतं, दोन्ही वेळा साखर वाढली म्हणून. तिसरी तारीख मिळाली सोमवारची. सकाळी आठला खामगावच्या दवाखान्यात हजर व्हायचं होतं. मायने दोन महिने बिनसाखरेचा चहा पिऊन साखर खाली आणली होती. डाव्या डोळ्यानेही तिला आता धूसरच दिसायचं. ही तारीख हुकली असती, तर पुढची कधी मिळेल हे कुणी सांगत नव्हतं.

परत येताना धूळ आणि गर्दी टाळा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून एसटीचा विचार सोडून माझ्या गाडीनेच जायचं ठरलं. गाडी जुनी, दुसऱ्याची वापरलेली, पण आमच्या घरातली पहिली चारचाकी. पदवीपर्यंत पोचलेला घरातला पहिला माणूसही मीच. या दोन गोष्टींमुळे माझा स्वतःवर जरा जास्तच विश्वास बसला असावा. आईला घेऊन जायचं तर गाडी ठणठणीत हवी, ऑइल बदलायचं राहून गेलंय, चिखलीचा मेकॅनिक लग्नाला गावी गेलाय, मग रविवारी आपणच बदलू, असं मी ठरवलं. त्याला हे काम करताना मी दोनदा पाहिलं होतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर अमडापूरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून ऑइल आणि फिल्टर घेतला. इंजिनाच्या तळाशी ऑइलचं भांडं असतं, त्याला सगळे चेंबर म्हणतात. चेंबरच्या नटाखाली एक चपटी कडी असते, तेच वायसर. नट आवळला की ते दाबलं जातं आणि फट बंद होते, म्हणून दर वेळी नवं घालतात. दुकानदाराने काउंटरवर कागद पसरून त्यावर तीन-चार जातीची वायसरं ओतली.

"सर, जुनं आणलं काय सोबत?"

"नाही. पण साइज माहीत आहे. चौदाचं."

"वायसर पुस्तकातून नाई घेत सर, नट पाहून घेत असतात," तो हसला. "पोरायले तरी शिकवता ना, वही घेऊन या म्हणून?"

मी ओशाळलो, पण परत यायला वेळ नव्हता. अॅल्युमिनियमची होती ती मला पातळ वाटली. एक लालसर, पुठ्ठ्यासारखं होतं. मऊ आहे, नीट बसेल, असा विचार करून मी तेच निवडलं.

रविवारी जेवण झाल्यावर दोन सपाट दगडांवर पुढची चाकं चढवली, मागच्या चाकांना विटा लावल्या आणि खाली शिरलो. काळं ऑइल काढलं. जुनं वायसर नटाला इतकं चिकटलं होतं की स्क्रू ड्रायव्हरने काढताना त्याचे दोन तुकडे झाले. मी नवं लावलं, नट आवळला, ऑइल भरलं, इंजिन चालू केलं. पाच मिनिटांनी वाकून पाहिलं तर नटाला थेंब लोंबत होता. तो पडला आणि लगेच दुसरा तयार झाला. वायसरचं भोक मोठं होतं, ते एका बाजूला सरकलं होतं. आणखी आवळायला हात उचलला, पण आटे गेले तर सगळंच संपेल म्हणून थांबलो.

दुकानदाराला फोन लावला. तो पाहुण्यांकडे संग्रामपूरला गेला होता, उद्या दहाला दुकान उघडणार होता. आम्हाला सकाळी सहाला निघायचं होतं. गाडी दुरुस्त असती तर मी चिखलीला तरी गेलो असतो.

माय ओट्यावर बसून लसूण सोलत होती.

"काय झालं रे?"

मी सांगितलं. ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तुह्या बाबाच्या डब्यात पाह्य. मळ्यातल्या इंजिनचे वायसर असतीन त्यात."

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांचा पत्र्याचा डबा कोठीत होता. त्यात तांब्याची पाच वायसरं मिळाली. यावेळी मी नटावर चढवून पाहिली, एक बरोबर बसलं. पण ते लावायचं तर नवं ऑइल परत काढावं लागणार होतं. त्यासाठी मायने स्वच्छ पातेलं दिलं आणि वर ऐकवलं, "त्यात आता भाजी काही होत नाई बाप्पा."

वायसर घेऊन मी खाली शिरणार, तोच तिने विचारलं, "तसंच लावून राह्यला काय? तापोलं नाई?"

"तापवायचं कशाला?"

"वापरलेलं तांबं कडक होते. इस्तवात लाल करायचं न् पाण्यात टाकायचं. मऊ होते."

"माय, तापवून पाण्यात टाकलं की कडक होतं. मी शिकवतो मुलांना."

"ते लोखंडाचं असंल. म्या हे चुलीवर किती येळा केलं. तुहे बाबा इंजिन खोलत, न् वायसर माह्याकडे."

मेथीच्या जुड्या बांधून, विकून मला शिकवलेल्या मायशी धातूंवर वाद घालत मी उभा होतो. शेवटी वाटलं, करून पाहू, नाहीतरी दुसरं काही सुचत नाही.

चूल पेटवली. मायने आधी वायसर हातात घेऊन फरशीवर टाकलं. टण्ण वाजलं. "ऐक आता हे," म्हणाली. मग मी ते सांडशीने विस्तवात धरलं.

"उजेडात लाल समजत नाई. सावली धर. मले काही दिसत नाई, तूच पाह्य."

मी पाठीने ऊन अडवलं. काळं पडलेलं तांबं हळूहळू मंद लाल झालं. पाण्यात टाकलं, चर्र झालं. तिने ते राखेने हलकेच घासलं, पदराने पुसलं आणि पुन्हा फरशीवर टाकलं. यावेळी नुसतं थप्प झालं, जणू चामड्याचा तुकडा पडला.

"झालं," ती म्हणाली. "लाव."

मी लावलं. नट आवळताना ते थोडं दबल्याचं हाताला कळलं. पातेल्यातलं ऑइल गाळून भरलं, खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. अमडापूरला चक्कर मारून आलो, पुन्हा कागद अंथरला. कागद कोरडा होता. मी गाडीखालीच पाठीवर पडून राहिलो. इतका मोकळा श्वास मी पदवीचा निकाल लागल्यावरही घेतला नसेल.

"झोपला काय रे तिथं?" ओट्यावरून आवाज आला.

सोमवारी पावणेआठला आम्ही दवाखान्यात होतो. साखर तपासली, ठीक निघाली. तिला आत नेल्यावर मी बाहेरच्या बाकावर बसलो. मनात म्हणालो, मुलांना लोखंडाचं सांगतो तसं तांब्याचंही सांगायचं, आणि हे कुणी शिकवलं तेही.

तासाभराने नर्सने हाक मारली. ऑपरेशन चांगलं झालं होतं, पट्टी दुसऱ्या दिवशी काढायची होती. माय खुर्चीत बसली होती. माझी चाहूल लागताच तिने हात पुढे केला.

"काहीच दुखलं नाई रे. उगाच भ्याले इतके दिवस. आता मले काहीतरी खायले दे, सकाळपासून उपाशी आहो."

मी तिचा हात धरला आणि नर्सला विचारलं, हिला काय चालेल.