महागाच्या बोर्डाची पूजा

केजला तहसीलसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळाला तेव्हा दुरुस्तीवाले चाचा म्हणाले, "नवे बोर्ड लई महागलेत. सेकंडहँड टाकू." मी ऐकलं नाही. नव्या पिढीचा बोर्ड घेतला, त्यात जुना प्रोसेसर अन् रॅम बसेना, म्हणून दोन्ही नवी घ्यावी लागली.

दसऱ्याला दरवर्षी मी कॉम्प्युटरच्या डब्याच्या पत्र्याला हळदकुंकू लावायचो. या वेळी एवढी महागाची वस्तू म्हणून झाकण काढून थेट बोर्डावरच वाहिलं, वर फुलानं पाणी शिंपडलं आणि बटण दाबलं. बोर्ड गेला.

चाचांनी माझ्याकडे पडून असलेला जुना प्रोसेसर अन् रॅम मागून घेतली आणि सेकंडहँड बोर्ड बसवला. दुसऱ्या दिवशी फॉर्म भरायला तेवढाच वेळ लागला. रांगेतल्या कोणालाच फरक कळला नाही. मलाही नाही.