बोडीवरची चितळं आणि आमचे भाऊजी

आमच्या भाऊजींनी उभ्या आयुष्यात एकच जेवण सलग बसून केलं, ते स्वतःच्या लग्नातलं. आणि तेव्हाही ताईनं त्यांच्या उपरण्याची गाठ सोडू दिली नव्हती. हे गुरांचे डॉक्टर. मूल गावापासून गडचिरोलीकडचं सगळं रान त्यांच्या सायकलीखाली. बैल तपासायचा तो एक पाय कुंपणाला टेकवून, सायकलवरूनच. घरी ताटातला भात कालवत अंगणभर येरझारा. ताई म्हणायची, "जरा टेका न." की उत्तर तयार, "मी टेकलो त रोग टेकते काय?"

एकोणीसशे पन्नासनंतरच्या एका उन्हाळ्यात ढोरांवर बुळकांडीची साथ आली. भाऊजी बैलांना लस टोचत गावोगाव फिरत होते, सुट्टीला आलेला मी त्यांच्यासोबत, पण जंगलालगतच्या एका गावाची जुनी रीत आडवी आली. आजारी ढोरं शिवेबाहेर हाकलली की रोग गावातून गेला. शिवेबाहेर होती बोडी, म्हणजे छोटा तलाव, साऱ्या रानाचं पाणी. ढोरं तिथं जाऊन मेली आणि चितळांच्या तोंडातूनही लाळ गळू लागली.

"रोग गेला, डाक्टरसाहेब," पाटील समाधानानं म्हणाले.

"गेला कुठी? चितळायले देल्ला तुमी."

चितळाला लस टोचणार कशी? भाऊजींनी मेलेली ढोरं जमिनीत पुरून घेतली, लांबच्या नाल्यात स्वच्छ पाण्याचा झिरा खणवला आणि चितळांनी बोडी सोडावी म्हणून रोज तिच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभे राहून रॉकेलचा डबा बडवायला लागले. चितळं आधी उधळली, मग सरावली. पुढं तर डबा वाजला की कान हलवत पाण्यावर यायची. जाळं धुणारा म्हातारा ढिवर हसत म्हणाला, "साहेब, तुमी त त्यायले बोलावून राह्यले."

भाऊजींनी त्याच क्षणी सायकल काढली, झिऱ्यावर गेले आणि तिथं डबा बडवला. चार दिवसांत सगळा कळप तिकडे वळला. माणूस आनंदानं झाडाभोवती चकरा मारत होता. मला फार अभिमान वाटला त्यांचा.

पाचव्या संध्याकाळी कळपामागून एक मादी आली. बरगड्या मोजाव्यात अशी, तोंडातून लाळ. तिनं झिऱ्याला तोंड लावलं असतं तर सगळा खटाटोप पाण्यात. भाऊजींनी हाड्हुड केलं, खडे मारले. ती जागची हलेना. जंगलखात्यानं दिलेली बंदूक त्यांनी तेव्हा पहिल्यांदा उचलली.

परतताना ते सायकल हातात धरून चालत होते. मी म्हणालो, "भाऊजी, बाकीचा कळप वाचला."

"वाचला न," ते म्हणाले. "पण ते मी बोलावलं म्हून आली होती, बाबू."