राखेजवळ कुणी बोलू नये

सोमवारी मी दोनदा बाहेर जेवलो आणि दोन्ही वेळा ताट पुढं येण्याआधी भाषणं ऐकावी लागली. दुपारी साताऱ्यातल्या एका मंगल कार्यालयात एका निवृत्त अधिकाऱ्याच्या पंचाहत्तरीचा सोहळा होता. सत्कारमूर्तींनी पत्रिकेत स्वतःबद्दल 'व्यक्ती नव्हे, संस्था' असं छापून घेतलं होतं. प्रत्येक वक्त्यानं आपण वेळेअभावी थोडक्यात बोलणार असल्याचं बराच वेळ सांगितलं. तोवर बासुंदीवर दुसऱ्यांदा साय धरली. संध्याकाळी जिल्हा परिषदेच्या एका इच्छुकानं महामार्गावरच्या धाब्यावर स्नेहभोजन ठेवलं होतं. तिथं आधी विकास आला आणि मग मटण. मटण चांगलं होतं.

अशा ठिकाणी मी का जातो, असं बायको विचारते. निवृत्त मास्तर गेला नाही, तर लोक तो का आला नाही ते विचारतात. गेला, तर कुणी काहीच विचारत नाही. मला दुसरं सोसतं.

मंगळवारी मिरजेला गेलो. तिथल्या एका दवाखान्यात माझा मित्र महिनाभर पडून होता. साताऱ्याच्या एकाच शाळेत आम्ही नोकरी केली. तो विज्ञान शिकवायचा, मी इतिहास. लग्नाआधी एका खोलीत राहिलो, एका स्टोव्हवर भात करपवला. त्याचे वडील आटपाडीकडचे, मेंढरं राखणारे. निवृत्तीनंतर तो गावी परतला आणि बापाच्या माळावर डाळिंब लावून बसला. आता पोटात असं काही झालं होतं, की त्या दुखण्याचं नाव घरात कुणी घेत नव्हतं. डॉक्टरही औषधांविषयी बोलायचं सोडून 'त्यांना आवडेल ते खायला द्या' असं सांगू लागले होते. त्याला तर पेजही जात नव्हती.

"काल कुठं गिळलास?" त्यानं विचारलं. आयुष्यभर वर्गात शुद्ध बोलला, पण माझ्याशी गावचंच बोलायचा.

मी धाब्याचं सांगितलं.

"मटान कसं हुतं?"

"चांगलं होतं."

"म्हंजी तिकीट न्हाई मिळालं त्याला अजून. मिळालं की रस्सा पातळ हुतोय." तो हसला आणि मग त्यानं पोट धरलं.

त्याच्या पलीकडं स्टुलावर वहिनी बसल्या होत्या. त्यांनी म्हसवडच्या सिद्धनाथाच्या गुलालाची पुडी त्याच्या उशीखाली ठेवली होती. नवऱ्याला कळू नये म्हणून त्यांनी ती रुमालात बांधली होती आणि रुमालाचं टोक लाल झालं होतं. त्या पाणी आणायला गेल्या तेव्हा तो म्हणाला, "देव हाय माझ्या उशाखाली. असू दे. मला टोचत न्हाई आन तिला झोप लागती." देव नाही, हे त्यानं शाळेत पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं होतं. घरात मात्र त्यानं तो विषय कधी परीक्षेला घेतला नाही.

प्रत्येक भेटीत मी त्याला एक जाडजूड भाषांतरित कादंबरी वाचून दाखवत होतो. आम्ही जेमतेम निम्म्यावर होतो. मी खूण काढली, तर म्हणाला, "शेवट वाच. मधलं तू वाच नंतर. तुला येळ हाय."

मी शेवटची पानं वाचली. मधली माणसं ओळखीची नसल्यामुळं कोण कुणासाठी रडतंय ते आम्हाला नीट कळलं नाही. तो डोळे मिटून ऐकत होता. वाचून झालं तेव्हा म्हणाला, "आता माजं ऐक. सावडायला भाषान नको. एकबी नको. रानात लिंबाखाली राख टाका आन घरला जावा."

हे आमच्या भागाबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. इकडं तिसऱ्या दिवशी राख सावडायला सगळा गाव जमतो आणि त्या राखेपुढं श्रद्धांजलीची सभा होते. निवेदक असतो. कोण आधी आणि कोण नंतर बोलणार, यावर रुसवे होतात. पुढारी आल्याशिवाय राख हलत नाही. एका सकाळी चार-चार सावडणी करणारे पुढारी मी पाहिले आहेत. त्यांच्यापैकी एकानं मृताचं नाव विचारून घेण्यासाठी भाषण मध्येच थांबवलं होतं.

"माज्या बापाच्या सावडण्याला," तो म्हणाला, "आमी म्हातारीला उनात बसवून ठिवली. पुढारी आला, बापाच्या राखंम्होरं उभा ऱ्हायला आन कॅनॉलवर बोलला. बापाचं नावबी घेतलं न्हाई."

"पण कॅनॉल आला," मी म्हणालो. आला होता, एक पिढी मेल्यावर का होईना, पण त्या माळावर पाणी आलं होतं.

"आला की. म्हणून तर लोक अजून म्हणत्यात, काय भाषान झालं हुतं म्हाताऱ्याच्या सावडण्याला!" त्यानं माझा हात धरला. हाताला वजन उरलं नव्हतं. "शबूद दे. मास्तरच्या शब्दाला कोण इचारतंय म्हणा, पर दे."

मी शब्द दिला.

रात्री मिरजेतच एका लॉजवर राहिलो. बुधवारी सकाळी दवाखान्याच्या कँटीनमध्ये त्याचा मुलगा भेटला. मुलगा बरा आहे, कष्टाळू आहे. पंचायत समितीला उभं राहायची त्याची इच्छा होती आणि तिकीट साहेबांच्या हातात होतं. साहेब म्हणजे त्या भागाचे पुढारी. त्यांना सगळे साहेबच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. माझ्या मित्रानं त्यांना उभ्या जन्मात मत दिलं नव्हतं. मी मुलाला वडिलांची इच्छा सांगितली. त्यानं उप्पीट चिवडत ऐकून घेतलं.

"काका, साहेबांना येऊ नका कसं म्हणू? उद्या त्यांच्याच दारात उभं राहायचंय."

"येऊ देत. बोलू नका म्हण."

"आवं, ते येणार आन बोलणार न्हाईत?" त्याला खरंच हसू आलं. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "बरं. मी माइक लावत न्हाई. एवढं माझ्याकडं लागलं."

संध्याकाळी साताऱ्यात व्याख्यानमालेला गेलो. विषय होता 'मौनाचे सामर्थ्य'. वक्ते दीड तास बोलले.

गुरुवारी सकाळी फोन आला. मी पोचेपर्यंत त्याला गावी आणलं होतं. दुपारी त्याच्याच रानात, डाळिंबाच्या कडेला, सगळं उरकलं. घरी आल्यावर भावकीतल्या बायकांनी कडू घास आणला. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून दुसऱ्यांच्या घरून भाकरी येते. ज्वारीची भाकरी आणि पिठलं होतं. आठवड्यातलं तेवढं एकच जेवण असं, की त्याच्या आधी कुणी बोललं नाही. वहिनींनी दोन घास खाल्ले आणि माझ्या ताटाकडं बघून म्हणाल्या, "भावजी, आजून घ्या. त्ये असतं तर वाढलं असतं." मी घेतलं.

शुक्रवारी तिथंच राहिलो. माणसं येत होती, बसत होती, चहा घेत होती आणि तिकीट कुणाला मिळणार त्यावर बोलत होती. वहिनी आतल्या खोलीत सिद्धनाथाच्या तसबिरीपुढं बसल्या होत्या. गुलालाची पुडी सरणावर ठेवायची राहिली, एवढंच त्यांच्या मनाला लागलं होतं. मी म्हणालो, "त्याला माहीत होतं पुडीचं." त्यांनी चमकून पाहिलं. "काय म्हणालं?" मी सांगितलं. त्यावर त्या पहिल्यांदा मोकळ्या रडल्या. त्या आठवड्यात माझ्या बोलण्याचा कुणाला उपयोग झाला, तो तेवढाच.

शनिवारी सकाळी सावडायला सगळा गाव रानात जमला. राख गोळा केली, मडक्यात भरली, नैवेद्य ठेवला. त्यात बुंदीचा लाडू होता आणि त्याला न आवडणारी शेवयांची खीरही होती. लोक आकाशाकडं बघू लागले. कावळ्यानं फार मान घेतला नाही. लिंबावरून खाली उतरला, थेट खिरीत चोच घातली आणि लाडू घेऊन उडाला. "शिवला, शिवला!" बायका म्हणाल्या. वहिनींनी हात जोडले. देव न मानणाऱ्या माणसाचा कावळा एवढ्या चटकन शिवला, याचं गावाला कौतुक वाटलं. म्हणजे गेलेल्याचं सगळं झालं होतं, आता फक्त राहिलेल्यांचं राहिलं होतं.

साहेब यायचे होते. उन्हं चढली. वहिनींना लिंबाच्या सावलीत बसवलं, सावली सरकली तसं त्यांनाही सरकवलं. मुलगा बांधावर उभा राहून रस्त्याकडं पाहत होता. त्यानं शब्द पाळला होता, माइक नव्हता.

गाड्या आल्या. साहेब उतरले, मडक्यावर फूल वाहिलं, वहिनींपुढं हात जोडले, खुर्चीवर बसले आणि घड्याळ पाहिलं. त्यांना पुढं आणखी दोन सावडणी होती. त्या क्षणी मला खरंच वाटलं, की हा माणूस न बोलता जाईल. ते घाईत होते, माइक नव्हता आणि सुरुवात कुणी करायची हे कुणाला कळत नव्हतं. सगळं रान गप्प होतं. मला आता कळतं, की मी तेव्हा नुसतं बसून राहायला हवं होतं.

तेवढ्यात साहेबांच्या ड्रायव्हरनं डिकीतून दांडी असलेला, बॅटरीवर चालणारा स्पीकर काढला. तो गाडीतच असतो. गावातल्या शाळेचा एक तरुण मास्तर, जो प्रत्येक सावडण्याला निवेदन करतो, त्यानं माइक हातात घेऊन फुंकर मारली. मी उठलो. मला उठलेला पाहून तो आदरानं दोन पावलं पुढं आला आणि माइक माझ्या तोंडापाशी धरला.

मी म्हणालो, "गेलेल्या माणसाची शेवटची इच्छा होती, की त्याच्या राखेजवळ कुणी बोलू नये. कृपा करून कुणी भाषण करू नका. राख लिंबाखाली टाकू आणि घरी जाऊ."

स्पीकर चांगला होता. आवाज पार ओढ्यापलीकडं गेला.

निवेदकानं माइक परत घेतला. "सरांनी अत्यंत मोजक्या, हृदयस्पर्शी शब्दांत आपल्या भावना व्यक्त केल्या," तो म्हणाला. "यानंतर मी आदरणीय साहेबांना विनंती करतो."

साहेब उठले. "आत्ताच सरांनी सांगितलं," त्यांनी सुरुवात केली, "की त्यांना भाषणं आवडत नव्हती. प्रसिद्धीपासून दूर राहणारी अशी माणसं आज कुठं राहिलीत?" त्या धाग्यावर ते बराच वेळ बोलले. माझा मित्र निष्ठावंत होता. तो धार्मिक वृत्तीचा होता. कावळा कसा शिवला, ते सगळ्यांनी पाहिलंच. मुलानं वडिलांचा वारसा चालवावा आणि आपण त्याच्या पाठीशी आहोत. पाठीशी म्हणताच सगळ्यांनी मुलाकडं पाहिलं. त्यानं मान वर केली नाही.

साहेब बोलले म्हटल्यावर विरुद्ध गटाच्या माणसाला बोलणं भाग होतं. तो बोलला म्हणून सरपंच, सरपंच बोलले म्हणून दूध संस्थेचे चेअरमन. प्रत्येकानं 'सरांनी सांगितल्याप्रमाणे' असं म्हणून सुरुवात केली. वहिनी उन्हात आल्या होत्या. सावली कधीच पलीकडं गेली होती, पण सभेतून उठायचं कसं, हे त्यांना कळत नव्हतं. माझ्या मित्राची म्हातारी आई तेव्हा जिथं बसली असेल, तिथंच त्या बसल्या होत्या बहुतेक.

शेवटी राख लिंबाखाली टाकली. साहेब तोवर गेले होते. परत येताना वहिनी म्हणाल्या, "भावजी, जिवाला लावून घिऊ नगा. त्येंनी बघितलं असतं तर हसलं असतं." मी बरं म्हणालो. तो हसला नसता.

एसटीची वाट पाहत उभा होतो, तर निवेदक मोटारसायकल थांबवून माझ्याजवळ आला. "सर, नंबर देता का तुमचा? थोडक्यात आन मुद्द्याचं बोलणारं माणूस मिळत न्हाई हो आमच्याकडं. सगळी रडवत न्हाईत, नुसती लांबड लावत्यात." तो मनापासून बोलत होता. मी त्याला नंबर दिला. नाही कसं म्हणायचं, ते मलाही सुचलं नाही.

रविवारी घरी होतो. कादंबरी काढली आणि खुणेपासून वाचू लागलो. शेवट माहीत होता, मधलं माहीत नव्हतं. चार-पाच पानांत एका माणसाचं लग्न ठरलं. हा पुढं कुणासाठी तरी रडणार आहे, की त्याच्यासाठी दुसरं कुणी, ते आठवेना. विचारायला कुणी नव्हतं. पुस्तक मिटलं.

जेवताना बायकोनं विचारलं, "झाली का हो भाषणं शेवटी?"

"झाली."

"कोण कोण बोललं?"

मी भात कालवला. "पहिला मी," म्हणालो.