उलट्या बाजूचा हिंदुस्थान

आमच्या हायस्कुलात नवे हेडमास्तर आले आणि माझं डोकं फिरायची वेळ आली. परदेशातल्या कुठल्याशा शाळेबद्दल वाचून त्यांनी फर्मान काढलं: सकाळचे पहिले दोन तास तीन आठवडे एकच विषय, छापील पुस्तक बंद, आणि प्रत्येकानं आपलं पुस्तक आपल्या हातानं लिहायचं, रंगवायचं. भूमिती आणि भूगोल माझ्याकडे. मला चित्रात साधं वांगंही काढता येत नाही. फळ्यावरची माझी सिंधू नदी पाहून वर्ग इतका हसला, की शिक्षा करायची तर सगळ्यांनाच बाकावर उभं करावं लागलं असतं.

हा अभ्यास की खेळ, मला कळेना. एक दिवस वाटे, हा गृहस्थ पोरांची वाट लावणार. दुसऱ्या दिवशी कुणीतरी वर्तुळ रंगवता रंगवता असं काही विचारी, की मी घरी जाऊन पुस्तकं चाळत बसे.

मॅट्रिकच्या वर्गात मुली दोनच. त्यांतली एक तेलुगू विणकराची. तिला आमच्याच शाळेच्या लहान वर्गांना शिकवायचं होतं आणि हेडमास्तर तिला घ्यायला तयारही होते, पण मॅट्रिक झाल्यावर. बापानं एकच वर्ष दिलं होतं. यंदा परीक्षेला बसली तर ठीक, नाहीतर अक्कलकोटचं स्थळ पाहून ठेवलेलं होतं. परीक्षेचा फॉर्म मुंबईला जाई तो वर्गशिक्षकाच्या सहीनं, म्हणजे माझ्या.

तिची वही वर्गात सगळ्यांत देखणी. आणि आकृत्या सगळ्या उलट्या! फळ्यावरचा त्रिकोण उजवीकडे झुकलेला, तर तिचा डावीकडे. मी लाल शाईनं काट मारली. ती वही घेऊन समोर उभी राहिली.

"सर, शिद्धता बरोबर हाय की."

सिद्धता तपासली. बरोबर होती. काट खोडायला जिवावर आलं, पण खोडली.

पुढं भूगोलाचे तीन आठवडे आले. तिनं हिंदुस्थान काढला तो असा, की मुंबई पूर्वेला आणि कलकत्ता पश्चिमेला. रंग मात्र असे, की बघत राहावं. मी म्हटलं, "अगं, हे साफ चूक आहे."

"भूमितीत चाललं, मग हितं का न्हाय?"

चूक आहे हे मला ठाऊक होतं. का चूक आहे ते तिला पटेल असं सांगता येईना. शेवटी "नाही म्हणजे नाही" असं ओरडलो. ज्याला उत्तर येत नाही तो मास्तर असाच ओरडतो.

तिच्याकडून नकाशा पुन्हा पुन्हा काढून घेतला. सावकाश काढला की सुलटा, घाई झाली की उलटा. परीक्षेत घाई असणारच. हेडमास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले, "तुम्ही तिला रोज पाहता. तुम्हीच ठरवा." मी दोन दिवस ठरवत होतो. सही करायला टाक उचलायचा आणि परत ठेवायचा. एकदा वाटे, हिची बुद्धी आपल्या दुप्पट आहे. लगेच वाटे, नापास झाली तर पोरीची बेअब्रू. शेवटी पुढच्या वर्षी बसवू म्हणून तिचा फॉर्म बाजूला ठेवला. फॉर्म पाठवायचा तो शेवटचा दिवस; बाकीच्यांचं पाकीट शिपायानं दुपारी टपालात टाकलं.

बापाला समजावून आणखी एक वर्ष मागावं म्हणून शाळा सुटल्यावर वही घेऊन तिच्या घरी गेलो. तो मागावर पदर विणत होता. समोर नक्षीचा कागद टांगलेला, त्यावर पोपट उजवीकडे तोंड करून बसलेले. मागावरचे पोपट मात्र डावीकडे बघत होते.

"चुकलं वाटतं," मी म्हणालो.

तो हसला. विणलेली कड उलटून दाखवली. खालच्या अंगाला पोपट कागदासारखेच, उजवीकडे. "सुलटी बाजू खाली आसती, सर. वर आमी उलटंच बघतो. पोरगी लहानपनापास्नं माझ्या शेजारी बसून कागदावरची नक्षी उलटी करून सांगती. लई हुशार हाय."

आपल्या हातानं काढ म्हटल्यावर तिचा हात घरी चालतो तसाच चालला होता. कागदाची सुलटी बाजू वर असते, एवढं एक वाक्य तिला सांगायचं होतं. दोन महिन्यांत ते मला सुचलं नव्हतं. टपाल केव्हाच गेलं होतं.

कसंबसं सांगितलं, की फॉर्म पाठवला नाही. त्यानं वही घेतली आणि हिंदुस्थानचं पान खिडकीच्या उजेडात धरून मागून पाहिलं. ती दाराशी उभी होती, माझ्याकडे बघत.

"मला तर बरोबर दिसतंय," तो म्हणाला. "पन तुमी शिकलेली मानसं. तुमी चुकलं म्हनला, म्हंजे पोरीचंच चुकलं आसंल. व्हय की न्हाय?"

तिच्या देखत मी "हो" म्हणालो.