नारळाचा आवाज

उमेळ्याला आमच्या वाडीत नारळ काढायला एक काका येतात. माडावर चढले की ते खाली बघतच नाहीत. झावळ्यांत डोकं खुपसून कोयता चालवतात आणि नुसत्या आवाजावरून सांगतात, "ह्यो पान्यात गेला. ह्यो पत्र्यावर, बघा कोन बोंबलतंय."

मी नुकतीच गेम बनवायला शिकतेय. माझ्या पहिल्याच गेममध्ये माडावरून नारळ पडतो आणि धप्प वाजतं. तो मी काकांना मोठ्या टेचात दाखवला. चहा पिता पिता त्यांनी एकच नारळ पाहिला.

"नारल आदी पडला, आवाज मंग आला."

मला तर दोन्ही एकदमच वाटत होतं. लॅपटॉपवर तपासलं, तर खरंच केसाएवढा फरक होता.

मग ठरवलं, खऱ्या नारळाचाच आवाज घ्यायचा. पुढच्या खेपेला ते वर चढले आणि मी खाली फोन धरून उभी राहिले. तर हे वरून, झावळ्यांत डोकं तसंच ठेवून, दर नारळाला ओरडतायत, "धप्प!"

वैतागून घरी आले आणि त्यांचा आवाज कापायला बसले. कापू कुठे? नारळाचा आणि त्यांचा, दोन आवाजांत फटच नव्हती.

गेममध्ये आता दोन्ही वाजतात.