नातीच्या नावावर नऊ किलो

आता बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत आकडेमोड केलेल्या माणसाची वजाबाकी चुकते, हे कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला? पण चुकली!

झालं असं. तीन वर्षांच्या नातीला ताप भरला. मुलगा दौऱ्यावर, सूनबाईला सातिवलीच्या कारखान्यातून सुट्टी मिळेना. निघताना तिने विचारलं, "आबा, डॉक्टरांकडे नेणं जमेल ना?"

मला! मी नुसता हसलो.

एव्हरशाईन वसाहतीतल्या आमच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीला तपासलं आणि म्हणाल्या, "वजन करा. लहान मुलांचं औषध वजनावर ठरतं."

काटा बाहेर. पोरीने त्यावर पाय ठेवताच असा टाहो फोडला, की रांगेतले पेशंट दचकून उभे राहिले. आतून बाई ओरडल्या, "कडेवर घेऊन उभे राहा, मग तुमचं वजा करा!"

उभा राहिलो. चौऱ्याऐंशी. आता माझं वेगळं करायची गरजच काय? माझं वजन बासष्ट. नोकरीला लागतानाच्या वैद्यकीय दाखल्यावर तसं लिहिलंय, शिक्क्यासकट! सरकारी कागद खोटं बोलेल का?

"बावीस किलो," मी छातीठोकपणे सांगितलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. पोरीच्या काडीसारख्या हातांकडे पाहिलं. "बावीस? हिचं?"

"खाणं चांगलं आहे आमच्याकडे."

"ते दिसतंय, आजोबा. पण हिच्यात नाही! काट्यावर एकटे उभे राहा बघू."

राहिलो. एकाहत्तर.

मी काटा हलवून पाहिला. एकाहत्तरच.

"म्हणजे पोर तेराची. तुमचे नऊ किलो तिच्या नावावर चढवलेत! तुमचं ऐकून लिहिलं असतं, तर जवळजवळ दुप्पट औषध गेलं असतं तिच्या पोटात."

खरं सांगतो, तेव्हा मात्र पोरीला घट्ट धरून बसलो.

बाईंनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. पोरीच्या चिठ्ठीवर एक ओळ: तापाचं सिरप. माझी चिठ्ठी पानभर. भात कमी, गोड बंद, रोज फिरणं.

संध्याकाळी सूनबाईने दोन्ही वाचल्या. औषध मोजायचं टोपण तेवढं माझ्या हातातून काढून घेतलं.

ताप तिसऱ्या दिवशी उतरला. या सगळ्या उपचारात माझ्याकडे एकच काम होतं. देण्याआधी बाटली हलवणं.

सूनबाई म्हणाली, "जोरात हलवा आबा. तेवढाच व्यायाम!"