चिंतामणरावांची हरकत

इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या चिंतामणराव खांडेकरांना ‘नाही’ म्हणताना कुणी ऐकलेलं नव्हतं. शिडी मागायला जा, ते म्हणणार, “हरकत नाही.” त्यांच्या फाटकासमोर गाडी लावा, हरकत नाही. एकदा समोरच्यांच्या लग्नाचा मांडव सरकत सरकत त्यांच्या अंगणात आला. चार दिवस चिंतामणराव बांबूला वळसा घालून दूध आणायला जात होते. वीज कंपनीतली सगळी नोकरी त्यांनी या दोन शब्दांवर काढली आणि निरोप समारंभात साहेबांनी त्यांच्या स्वभावाची तारीफ केली. साहजिकच आहे. साहेबांची निम्मी कामं तेच करायचे.

दोन वर्षांपूर्वी शेजारचे शाम दिघे चहाला आले. दोघं शाळेपासूनचे दोस्त, मधली भिंत एकच.

“भिया, पोरगा पुण्याहून काही वापस येत नाही,” शाम म्हणाले. “बंगला बिल्डरला देऊन टाकतो. सात मजले काढतोय तो. एक फ्लॅट मला. तुला चालेल ना?”

चिंतामणरावांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, “हरकत नाही.”

शाम गेल्यावर सुलोचनाबाई आतून बाहेर आल्या. “अहो, दक्षिणेला सात मजले उभे राहिले तर गच्चीवर ऊन कुठून येणार? सियागंजच्या बाजारातून पोत्यात भरून आणणार आहात?”

सुलोचनाबाईंचे गुडघे थंडीत धरतात. गोळ्या त्या डॉक्टरांचं मन राखायला घेतात. खरा आराम पडतो तो गच्चीवर उन्हात पाय पसरून बसल्यावर. दिवाळी सरली की त्यांची खुर्ची वर जाते, ती होळीलाच खाली येते. चिंतामणरावांना हे ठाऊक होतं. पण समोर मित्र, हातात कप.

मग पेपरात सूचना छापून आली: कुणाला आपत्ति, म्हणजे आपली हरकत, असेल तर सुनावणीला या. देवळाच्या हॉलमध्ये कॉलनीची मीटिंग भरली. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, ते अठ्ठावीस फ्लॅटना कसं पुरणार? गाड्या कुठे लागणार? एकजण म्हणाले, कोचिंग क्लासवाल्या भंवरकुआंसारखं इथेही होस्टेल निघेल आणि पोरं दिवसभर गॅलरीत उभी राहतील.

“मग खुर्च्या द्या त्यांना,” देवयानीबाई म्हणाल्या. त्या शाळेतून निवृत्त झाल्यात, आवाज अजून वर्गातलाच आहे.

सरकारी हिंदीची सवय म्हणून बोलायला चिंतामणरावांना निवडलं.

“विरोध करायला यांना पाठवताय?” सुलोचनाबाईंनी विचारलं. “बघा बुवा.”

सुनावणीच्या साहेबांचं गाव रीवाकडचं, मराठीशी संबंध नाही. बाबू मात्र इंदूरच्या मराठी मोहल्ल्यात वाढलेला. समोरच्या बाकावर शाम, शेजारी बिल्डरचा माणूस. बाबूने पुकारा केला, “राजेंद्र नगर, दिघे का प्लॉट, सात मंज़िल.” मग चिंतामणरावांकडे बघून आदराने मराठीत म्हणाला, “काका, आधी बसून घ्या.”

“हरकत नाही,” चिंतामणराव म्हणाले.

बाबूने साहेबांकडे वळून चोख अनुवाद केला. “सर, इनको आपत्ति नहीं है.”

साहेबांनी पुढची फाईल ओढली.

“अहो चिंतामणराव, बोला की!” देवयानीबाई मागून गरजल्या.

चिंतामणराव धडपडत उठले. मराठीत आपत्ती म्हणजे पूर नाहीतर भूकंप. एका इमारतीसाठी एवढा मोठा शब्द त्यांच्या तोंडात येईना. “नहीं साहब,” ते म्हणाले, “हमारी बहुत हरकत है.”

हिंदीत हरकत म्हणजे चाळे. साहेबांनी चष्मा काढला. “आपकी हरकत? इस उमर में? क्या कर दिया आपने?”

बिल्डरचा माणूस हसला. देवयानीबाईंनी कपाळाला हात लावला. शब्दच दगा देत होते म्हटल्यावर चिंतामणराव सरळ कामाचं बोलले. “साहब, मेरी पत्नी के घुटने दुखते हैं. सर्दी में छत पर धूप में बैठती है. ये बिल्डिंग बनी तो धूप जाएगी. मुझे नहीं चाहिए ऐसी बिल्डिंग.”

शाम उभे राहिले. “मी तुला घरी येऊन पूछलं होतं की रे. तेव्हा हरकत नाही म्हणालास.”

“तू चहा पीत होतास. घरी चहाला आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?”

“आणि इथे बरं ‘नाही’ म्हणता येतं?”

“इथे चहा कुठे आहे?”

“क्या कह रहे हैं?” साहेबांनी विचारलं.

“घर का मामला है, सर,” बाबू म्हणाला.

साहेबांनी सांगितलं, उन्हासाठी कलम नाही. पाणी आणि गाड्यांचं लिहून घेतो, पण नियमात बसतंय तर मंजुरी द्यावी लागेल. शाम खाली बसले आणि बिल्डरच्या माणसाला म्हणाले, “नक्शा पलटो भिया. गाड़ी का रास्ता इनकी दीवार तरफ लो, बिल्डिंग उधर सरकाओ.”

त्याने आर्किटेक्ट, खर्च, वास्तू असं बरंच काही सांगितलं.

“एग्रीमेंटवर माझी सही अजून व्हायची आहे,” शाम मराठीतच म्हणाले. त्याला ते बरोबर कळलं.

आता सातही मजले उभे आहेत, मधे गाडीचा रस्ता सोडून. पाणी एक दिवसाआडच येतं आणि टँकर आला की गल्ली बंद होते. गच्चीवरचं ऊन पूर्वी चार वाजताच्या चहापर्यंत टिकायचं, आता दुपारी जेवणाच्या आतच इमारतीमागे जातं. म्हणून थंडीत सुलोचनाबाई सकाळीच वर जाऊन बसतात आणि स्वयंपाक चिंतामणराव करतात. वरण त्यांना जमलंय. पोळ्या अजून नाही. शाम रविवारी दुसऱ्या मजल्यावरून उतरून जेवायला येतात, पोळी दोन्ही हातांनी तोडतात आणि तिसरी नको म्हणून सांगतात.